लॅडलचा नारळ

अंबडच्या त्या फाउंड्रीत सोमा मेल्याला सात वर्षं झाली, तरी केरू मुकादमाच्या पाठीमागे तो रोज उभा राही. भट्टी पेटली की केरूला करपलेल्या खोबऱ्याचा वास येई. दुसऱ्या कुणालाही येत नसे. घरात नारळ आणणंच त्याने बंद केलं होतं. बायको म्हणे, ह्यांना खूळ लागलंय.

खूळ कसलं! शहाण्णवच्या दसऱ्याला नव्या लॅडलवर, म्हणजे वितळलेलं लोखंड वाहायच्या त्या मोठ्या बादलीवर, केरूनेच नारळ फोडला होता. पाणी आत सांडलं, लॅडलच्या आतल्या मातीच्या अस्तरात मुरलं. लॅडल पुन्हा तापवून कोरडी करायला तासभर हवा होता. मुहूर्त टळेल म्हणून केरूने तो दिला नाही. लोखंड ओतताच त्या पाण्याची वाफ झाली आणि उकळता रस सोमाच्या अंगावर उसळला. सगळे म्हणाले, भट्टीने बळी घेतला. केरूनेही मान डोलावली. भित्रा माणूस, दुसरं काय!

यंदाच्या दसऱ्याला पुन्हा नवी लॅडल आली. आता चष्मे होते, चामडी हातमोजे होते, भिंतीवर सुरक्षेच्या सूचनाही होत्या. त्यांत नारळाबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. लॅडलच्या दांड्याशी सोमाचा थोरला मनोज उभा होता.

इथेच वाळू चाळणारी त्याची आई सुलाबाई पुढे आली. "केरूभाऊजी, दोन नारळ आणलेत. एक लॅडलचा, एक ह्यांच्या नावाचा. माझ्या पोराला सांभाळ म्हणावं भट्टीला."

मालक घड्याळ बघत होते. करपलेल्या खोबऱ्याचा वास केरूच्या नाकात भरला. पहिल्यांदाच सोमा मागे नव्हता, मनोजच्या शेजारी उभा होता.

केरूने दोन्ही नारळ पोटाशी घट्ट धरले. "नाय फोडायचे! वयनी, सोमाला भट्टीनं नाय खाल्लं. मी फोडलेल्या नारळाच्या पाण्यानं खाल्लं. मला तवाच कळलं व्हतं."

सुलाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"सात वर्सं मी ह्या भट्टीच्या पाया पडते," ती म्हणाली. नारळ त्याच्या हातातून काढून घेतले आणि वाळूच्या ढिगाकडे निघून गेली.

अस्तरात ओल राहू नये म्हणून लॅडल तासभर तापवली. मुहूर्त टळला. मनोजने लोखंड ओतलं, एक ठिणगीही वावगी उडाली नाही.

त्या दिवसापासून सोमा केरूच्या मागे उभा राहिला नाही. सुलाबाई मात्र रोज समोर असे, वाळू चाळत. ती पुन्हा त्याच्याशी कधीच बोलली नाही.