स्क्रीनवरचा लाभ

कीबोर्डाच्या डाव्या हाताला, अगदी वरच्या कोपऱ्यात, एस्केप नावाचं एक बटण असतं. ज्याने कोणी ते तिथे बसवलं त्याला मी त्या वर्षी रोज शिव्या घातल्या. बिचाऱ्या बटणाचा काही दोष नव्हता. दोष होता सेवकराम दिवाणजींच्या बोटाचा. सबंध कीबोर्ड सोडून ते नेमकं तिथेच जायचं.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सिहोऱ्याजवळ संजीवभाऊंची राईस मिल होती आणि मी तिथे कामाला होते. भाऊंच्या गोंदियाच्या साळ्याने स्वतःसाठी रंगीत चित्रांचा, माउसवाला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना यांच्या गळ्यात मारला. त्या जुन्यात माउस नव्हता, चित्रं नव्हती. काळी स्क्रीन, आडव्या पंचवीस ओळी, उभी ऐंशी घरं, आणि त्यात मावतील तेवढी इंग्रजी अक्षरं, बस. मी भंडाऱ्याला नेमका त्याच धाटणीचा कोर्स केला होता, जो मी शिकून होईपर्यंत जुनाट झाला. तेव्हा ती मशीन आणि मी, आम्ही एकमेकींना बऱ्या सापडलो.

मी आंधळगावची, विणकराची पोरगी. घरात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे माग. बाबा करवतकाठी पातळं विणतात, काठाला करवतीसारखे दाते असतात ती. काठाच्या वरची नक्षी ते आधी चौकटींच्या कागदावर एकेक घर भरून काढतात, मग ती मागावर चढते. म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनी जेव्हा सांगितलं की "ॲट पाच कॉमा दहा, से" असं लिहिलं की पाचव्या ओळीत दहाव्या घरापासून शब्द उमटतो, तेव्हा वर्ग डोकं खाजवत बसला आणि मी मनात म्हटलं, हे तर आपल्या घरचंच आहे. ऑल्ट दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर दोनशे पाच मारायचं, की दुहेरी आडवी रेघ येते. दोनशे एक मारलं की वरचा कोपरा. दोनशे एकोणीस म्हणजे भरीव चौकोन. अशा रेघांनी मी चौकटी बांधायची, निळ्यावर पिवळी अक्षरं टाकायची, आणि मान वाकडी करून आपलंच काम बघत बसायची. सरळ सांगते, त्याआधी कुठलंच काम मला एवढं आवडलं नव्हतं.

अडचण होती ती संजीवभाऊंच्या अटीची.

"स्वाती, तू आज हायेस, उद्या लगन करून चालली जाशीन," ते म्हणाले. "मशीन दिवाणजीच्या हातानं चालली पायजे. दिवाळीच्या आगुदर हलका धान येते. तवापर्यंत त्याइचा हात बसला तं ठीक, नाई तं मी हे डबडं इकून टाकतो."

डबडं विकलं की माझी नोकरीही गेली. आंधळगावात कांड्या भरायचा चरखा माझी वाटच बघत होता. कांड्यांसोबत आई स्थळांची गोष्ट काढणार हेही ठरलेलं. कांड्या भरणं काही वाईट काम नाही, लहानपणापासून मी ते केलंय. पण मला चौकटी बांधायच्या होत्या.

दिवाणजी म्हणजे साठीचा माणूस, भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून मिलमध्ये. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, काट्यावर चढला की त्याची मोजणी आणि वजन त्यांच्याकडे. ऑफिसात एक हातांची लाकडी खुर्ची होती, तिच्यावर त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. भाऊसुद्धा नाही. मी स्टुलावर. माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नाहीत. सकाळी "काय जी बाई, बरं हाये?" म्हणत, घरच्या पपईची फोड पुढे करत. मी सांगितलं की मुकाट स्क्रीनसमोर बसत. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, पण आकडे येत होते, म्हणून मी सगळं आकड्यांवरच ठेवलं होतं. शेतकऱ्याचा नंबर टाकायचा, एंटर मारायचं, की कट्ट्यांची रांग उघडायची. पहिल्या ओळीत ठसठशीत एकचा आकडा आणि त्याच्यापुढे वजनासाठी रिकामी जागा. दिवाणजी नंबर टाकत. एंटर मारत. मग त्या ओळीकडे बघत राहत, आणि ते बोट सावकाश उठून कोपऱ्यात जाई. एस्केप. सगळं बंद.

"काहून जी, दिवाणजी?"

"नाई, तसंच."

तसंच म्हणजे काय, ते देव जाणे! मला वाटलं अक्षरं गिचमिड होत असतील, म्हणून प्रत्येक ओळीचा आकडा वाढवून मध्ये एकेक ओळ रिकामी सोडली. एस्केप. पिवळा रंग डोळ्यांना टोचत असेल म्हणून पांढरा केला. एस्केप. वजनाची जागा डावीकडे सरकवली, चौकटीची रेघ दुहेरीची एकेरी केली, वरचं मिलचं नाव काढून टाकलं, परत घातलं. एस्केप, एस्केप. शेवटी मी एका कमांडने ते बटणच बंद पाडलं. त्या दिवशी दिवाणजी "पानी पिऊन येतो" म्हणून उठले ते घरून जेवूनच परत आले, आणि मी बटण पुन्हा चालू केलं.

दसरा झाला. आता माझं डोकं फिरलं होतं. म्हातारा गोड बोलून माझा काटा काढतोय अशी माझी खात्रीच झाली, आणि एका दुपारी मी तोंडावर बोलले.

"दिवाणजी, तुमाले माही नोकरी खाची हाये का?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "नाई वं बाई. तुही नोकरी कायले खाऊ मी? चांगली पोट्टी हायेस तू. माह्या हातानं थे होत नाई, काय करू?" असं म्हणून ते काट्याकडे निघून गेले.

मीही धुमसत त्यांच्यामागे गेले. भांडण अर्धं सोडायची मला सवय नाही. तिथे गोदामातला मागच्या वर्षीचा उरलासुरला धान काट्यावर चढत होता. हमालाने कट्टा टाकला, आणि दिवाणजींनी गळा मोकळा करून हाक दिली.

"लाभ जी, लाभ!"

पुढचा कट्टा आला. "दोन जी, दोन!" मग तीन.

मी तिथेच उभी राहिले. ही हाक मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. महिनाभर खिडकीतून रोज ऐकत होते. महिनाभर कशाला, जन्मापासून. आई पायलीने तांदूळ मापताना लाभ, दोन, तीन असंच म्हणते. मीही म्हणते. धान समोर असताना आमच्याकडे पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. आणि मी मात्र निळ्यावर पिवळ्या रंगात, मोठ्या हौसेने, पहिल्या कट्ट्यासमोर एक मांडून ठेवला होता!

"दिवाणजी, त्या एकापायीच का हो?"

ते ओशाळले. हमाल ऐकत नाहीत ना, ते बघून हळूच म्हणाले, "आता तू शिकेल-सवरेल पोट्टी. तुले कायले सांगू? हासली असतीस तू. पयल्या कट्ट्याले एक म्हटलं का थो एकटाच राह्यते. लाभ म्हटलं का त्याच्या मांगून दुसरा येते. बापानं सांगतलं होतं मले. आजवर म्या धानाले तोंडानं एक म्हटला नाई, मंग हातानं कसा मांडू?"

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही रागातच. महिनाभर मी रंग बदलत बसले होते. माणूस एका शब्दाने सांगत नाही म्हणजे काय! पण त्या रागातही जीव हलका झाला होता, कारण म्हातारा माझ्या वाईटावर नव्हता.

आता लाभ लिहायचा कसा? मशीनला मराठी येत नव्हतं आणि दिवाणजींना इंग्रजी. म्हणजे शब्द लिहून चालणार नव्हतं, तो काढावा लागणार होता. रविवारी घरी मी बाबांचा चौकटींचा कागद घेऊन ओसरीवर बसले. एक चौकट म्हणजे एक दोनशे एकोणीस. काना सोपा, वरची रेघ सोपी, पण ल ची गोलाई काही केल्या जमेना. भ तर दरवेळी म होऊन बसायचा.

बाबा मागावरून बघत होते. "गोल कायले पायजे?" ते म्हणाले. "आपल्या करवतीत कोठी गोल असते? पायऱ्या टाक अना दुरून पाह्य."

मी पायऱ्या टाकल्या. कागद ओसरीच्या खांबाला टेकवून अंगणात गेले आणि तिथून बघितलं. ल गोल दिसत होता. भ ची गाठसुद्धा बसली. सोमवारी मिलमध्ये एकेका ओळीला एकेक कमांड देत मी तो शब्द सबंध स्क्रीनभर चढवला, आणि खाली थोडी जागा उरली म्हणून करवतीचे दाते काढले. पहिल्या कट्ट्याला एकाच्या जागी हे पान येणार, एंटर मारलं की वजन टाकायचं, आणि मग सरळ दोन. दिवाणजींना मी आधी काहीच दाखवलं नाही.

त्याच आठवड्यात नवा धान आला, लवकर पिकणारा हलका. पहिला ट्रॅक्टर गोमाजींचा, त्यामागे बेबीबाईचा, मागे आणखी लाइन. ट्रॅक्टर उभे करून माणसं ऑफिसच्या दाराशी गोळा झाली. संजीवभाऊ हात पाठीशी बांधून माझ्या डोक्यावरच उभे होते. दिवाणजी खुर्चीत बसले, गोमाजींचा नंबर टाकला, एंटर मारलं. स्क्रीन भरून पिवळा लाभ उजळला.

दिवाणजींनी चष्मा वर केला, खाली केला. हात जोडले. मग काट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "लाभ जी, लाभ!" आणि एंटर मारलं. दोन. तीन. चार. हमाल काट्यावरून वजन ओरडत गेला, गोमाजींचा सगळा धान मशीनमध्ये गेला आणि एस्केपकडे कोणाचं बोट गेलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

मग बेबीबाईची पाळी आली. नंबर, एंटर, आणि पहिल्या ओळीत, एक.

 लाभाचं पान मी दिवसातून एकदाच, सकाळच्या पहिल्या धानाला, येईल असं बसवलं होतं. प्रत्येकाच्या धानाला आपला लाभ लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवाणजींचं बोट उठलं आणि हवेत थांबलं.

भाऊंनी ते बघितलं. "झालं! मले मालूमच होतं. दिवाणजी, हातानं लिहा तुमी, लाइन लागून राहिली. अना हे डबडं बंद करा."

दिवाणजी खुर्चीतून उठले. मला वाटलं, चालले पाणी प्यायला. पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"बस इथं," मला म्हणाले, आणि भाऊंकडे वळले. "थांबा भाऊ. बेबीबाईचा लाभ राह्यला. पोट्टी मांडून राहिली."

मी त्या खुर्चीत बसले. चालू काम थांबवायला आधी एस्केप लागतं, ते मीच दाबलं. लाभाच्या सगळ्या ओळी उचलून, प्रत्येक शेतकऱ्याचा हिशेब जिथे सुरू होतो तिथे नेऊन टाकायच्या होत्या. काम थोडंसंच. बाहेर कोणीतरी भोंगा वाजवला, तर दिवाणजी दारात जाऊन गरजले, "काहून बोंबलून राहिला बे? लाभ मांडाले येळ लागते!" भाऊ घड्याळ बघत उभे राहिले. मी सेव्ह केलं, मशीन चालू केली, बेबीबाईचा नंबर टाकला, एंटर मारलं.

लाभ आला, दात्यांसकट.

बेबीबाई खिडकीतून डोकावत होत्या. "मायबाई! हा तं पातळाचा काठ होय," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची सोडली. दिवाणजी बसले, टोपी सारखी केली. माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "आता तू कोठी जाऊ नको जी बाई. तू गेलीस तं लाभ कोन मांडन?"

आणि भाऊंच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी काट्याकडे हाक दिली.