शनिवारचा पांढरा पोशाख

"कोण गेलं?" रताळ्यांचं खोकं खाली ठेवत ट्रेनीसने विचारलं.

वर्डेल गॅस्किनने चर्चच्या तळघराच्या मागच्या दाराकडे पाहिलं. दारात इमोजीन उभी होती. पायघोळ पांढरा झगा, पांढरे मोजे, पांढरे बूट आणि छातीवर मंडळाची पिन. जॉर्जियातल्या आमच्या मेकन गावात भगिनीमंडळाच्या बायका हा पोशाख दोनच प्रसंगी करतात: कॉलेजच्या वयात मंडळात शिरताना, आणि पुढे एकेका भगिनीला पोचवायला जाताना. महिन्यातल्या एका शनिवारी गरजूंसाठी होणाऱ्या धान्यवाटपाला सगळ्या नारिंगी टी-शर्टात येतात. नारिंगी रंग फारसा कुणाला शोभत नाही, पण सेवेत तेवढा त्याग धरलेलाच असतो.

"कुणी गेलेलं नाही," वर्डेल म्हणाली. "निदान मी घरातून निघेपर्यंत तरी नाही."

"बघा, मिस वर्डेल. म्हणूनच म्हणत होते मी." ट्रेनीस मंडळाच्या इथल्या शाखेची अध्यक्ष. बँकेत अधिकारी, आणि बोलणं इतकं मऊ की तिने आपल्याला नकार दिलाय हे माणसाला घरी पोचल्यावर कळे. "आज तुम्ही त्यांच्याशी बोलणार होतात ना?"

"बोलते की. आत्ता तर आलीय."

बोलायचं ते असं, की पुढच्या महिन्यापासून इमोजीनने वाटपाला येऊ नये. अलीकडे तिच्या डोक्यातले दिवे मधूनच जात. मागच्या खेपेला तान्ह्या पोरांच्या लंगोटांचं अख्खं खोकं तिने चर्चचे म्हातारे सेवक डीकन रूफस यांना देऊन टाकलं. डीकननी आभार मानून ते घरी नेलं, ही गोष्ट वेगळी.

आणि वर्डेलला स्वतःसाठीही एक वाक्य बोलायचं होतं. ते तिने गाडीत घोकून ठेवलं होतं: "ट्रेनीस, मलाही आता पुरे." शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, मंडळातून निवृत्त व्हायची सोय कुणी ठेवलेली नव्हती. गुडघे केव्हाच राजीनामा देऊन बसले होते. इमोजीनचं उरकलं की लगेच आपलंही उरकायचं, असा बेत होता.

ती दाराशी गेली. "अगं, हे काय घालून आलीस?"

"मी काय घालून आले? तू काय घालून आलीस!" इमोजीनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "क्लिओराला पोचवायचंय आज, आणि ही बया भोपळ्यासारखी."

"क्लिओराला आपण एप्रिलमध्येच पोचवलं, इमोजीन."

इमोजीनने छातीवरची पिन चाचपली. "मी होते?"

"माझ्याच ओळीत."

"नीट झालं सगळं?"

"पाद्री फार लांबला."

"मग नीटच झालं असणार," इमोजीन म्हणाली आणि सरळ रताळ्यांच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली.

कॉलेजात मंडळात शिरताना त्यांची पाच मुलींची ओळ होती. बुटकीने पुढे, उंच मुलीने शेवटी, आणि प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर. अख्खा हिवाळा त्या अशाच चालल्या. वर्डेल पहिली, इमोजीन शेवटची. एक अडखळली की पाचही थांबत. मधल्या तिघी आता राहिल्या नव्हत्या; शेवटची गेली ती क्लिओरा. क्लिओराच्या वेळी या दोघी प्रथेप्रमाणे तिघींची जागा मोकळी सोडून उभ्या राहिल्या, तर उशिरा आलेलं कुणाचं तरी कुटुंब तिथे आरामात येऊन उभं राहिलं.

दार उघडलं. रांग आत आली. लोंझो न्हाव्याने पांढरा झगा पाहिला आणि टोपी काढली. "मिस इमोजीन, फार वाईट झालं."

"देवाची इच्छा. मोठी घे, खालची घे."

लोंझो वर्डेलकडे झुकला. "अचानकच?"

"हो," वर्डेल म्हणाली. "आम्हालाही सकाळीच कळलं."

मग जो तो सांत्वन करत पुढे सरकू लागला. कुणी इमोजीनचा हात दाबला, कुणी मक्याच्या पावाचा तुकडा रुमालातून काढून दिला. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन यायची. दर महिन्याला ती फरशीकडे बघत पिशवी उचलायची आणि आवाज न करता निघून जायची. आज तिने पोराला खाली ठेवलं, टेबलाला वळसा घालून मागे आली आणि इमोजीनला मिठी मारली.

"माझी बहीण होती गं," इमोजीन म्हणाली.

"माझीही गेली, मागच्या वर्षी," ती बाई म्हणाली. तिचा आवाज त्या तळघरात कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं. मग दोघी पुष्कळ वेळ बोलत राहिल्या, रताळ्यांची रांग खोळंबली, आणि कुणी तक्रार केली नाही.

दुपारी रिकाम्या खोक्यांमध्ये दोघी खुर्च्या टाकून बसल्या. इमोजीनच्या झग्याला मांडीपासून घोट्यापर्यंत तांबडी माती लागली होती.

"ट्रेनीसने तुला माझ्याशी काहीतरी बोलायला लावलंय," इमोजीन म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळपासून गोड हसतेय माझ्याकडे बघून. बँकेतले लोक कर्ज नाकारताना असंच हसतात." तिने मातीचा डाग नखाने खरवडून पाहिला. "सांग ना. मी काही रडणार नाही. रडले तरी उद्या आठवायचं नाही मला."

वर्डेलने तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात रेटून ती उठली. "झगा काढ. अशी माती बसली तर निघायची नाही. धुवून देते."

इमोजीनची भाची तिला न्यायला आली, तेव्हा इमोजीन चर्चच्या गायकवृंदाचा जांभळा अंगरखा घालून गाडीत बसली आणि राणीसारखा हात हलवत गेली.

ट्रेनीस लगबगीने आली. "बोललात?"

"बोलले."

"काय म्हणाल्या?"

"पुढच्या महिन्यातही आम्ही दोघी रताळ्यांवर. मी पुढे, ती माझ्या मागे. लंगोट तेवढे तू सांभाळ."

"मिस वर्डेल, पण तुमची तब्येत... मला वाटलं होतं तुम्हीच आता..."

"मलाही वाटलं होतं," वर्डेल म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली. गुडघे कुरकुरत होते. तिने त्यांचं ऐकून घेतलं.

घरी तिने मीठ आणि लिंबू चोळून झग्याची माती काढली. एकदा चोळून भागलं नाही. झगा वाळल्यावर खळ दिली, इस्त्री केली आणि कपाटात आपल्या पांढऱ्या झग्याशेजारी टांगला. तो उंच बाईचा झगा होता. त्याची कड कपाटाच्या तळाला टेकली.

ओळीतली पुढची पोचवायची वेळ येईल तेव्हा यातला एकच लागणार होता, कुठला ते कुणाला ठाऊक. वर्डेल कपाट लावायला गेली, थांबली, आणि आपलाही झगा काढून इस्त्रीखाली घेतला.