उभ्या भातातलं जवस

मी भाताचं खाचर बोलतंय. भात उभं असेपर्यंत मला मान असतो. कापणी झाली, की मी 'पडीक'. कंटाळा यांना येणार आणि नाव मात्र मला ठेवणार!

माझा मालक म्हणजे आळसाचा पुतळा. कापणीनंतर माझ्या पोटात चांगली ओल असते, पण ती बघायला वाकावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेणार?

यंदा वीटभट्टीवाला आला. हातभर माती खणून नेतो म्हणाला. मालकाने लगेच मान डोलावली. सून मात्र आडवी आली.

"बाबा, एक हंगाम द्या. मी जवस करून दाखवते. नाही आलं, तर खुशाल माती द्या."

भात कापायला दहा-बारा दिवस होते. तिने उभ्या भातात, ओल्या चिखलातच जवस फेकायचं ठरवलं. तिच्या माहेरी असंच करतात. मालक खेकसला, "उभ्या पिकात दुसरं पीक? लोक तोंडावर हसतील! आधी नांगरू, मग शेतकी खात्याच्या साहेबांच्या हातून ओळीत पेरू. फोटो निघेल."

वाद मिटेना, तेव्हा माझ्या मधोमध दोरी बांधली. अर्धं तिचं, अर्धं त्याचं. तिने त्याच दिवशी बी फेकलं. वरून भात कापलं गेलं, तेव्हा खाली जवसाचे कोंब दिसत होते.

मालकाने त्याचं अर्धं नांगरून उन्हात उघडं टाकलं आणि साहेबांची वाट बघत बसला. साहेब तीन आठवड्यांनी उगवले. बी मात्र उगवलं नाही. ढेकळांत ओल औषधालाही उरली नव्हती. मुंग्यांची तेवढी चंगळ झाली.

तिच्या बाजूला निळी फुलं आली, तेव्हा साहेब पुन्हा आले. फोटोसाठी मालक त्या फुलांत छाती काढून उभा राहिला. सुनेला म्हणाला, "जरा बाजूला हो गं, मध्ये येतेस." मला त्याची किळस आली.

जवस पोत्यात भरलं त्याच आठवड्यात भट्टीवाल्याची गाडी आली. सून धावत आली. "बाबा, आलंय ना जवस!"

"तुझ्या अर्ध्यात आलं. माझ्या अर्ध्यात कुठे आलं? अट तूच घातली होतीस."

आज माझं अर्धं अंग म्हणजे हातभर खोल खड्डा आहे. पाऊस पडला, की उरलेल्या अर्ध्यातलं पाणी तिकडे वाहून जाईल. मग ना भात, ना जवस. हे त्या शहाण्याच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. तिच्या शिरलंय. सकाळपासून ती एकटी खड्ड्याच्या काठाने नवा बांध घालतेय. गुडघाभर झालाय.

घराच्या ओट्यावरून हाक येतेय, "सूनबाई, चहाचं काय झालं?"

पोरी, टोपली खाली ठेवू नकोस. ढग जमायला लागलेत. त्याचा चहा त्याला करू दे.