ओमेटाने घर हलवलं

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर घर गरिबाचं आणि जमीन उसाच्या मळ्याची, ही रीत जुनी. मळेवाले महा लबाड. घर तुमचं तुम्ही बांधा म्हणायचे, आणि मजूर उलट बोलला की जमीन सोड म्हणायचे. म्हणून आमची घरं फळ्यांची, रचलेल्या दगडांवर नुसती टेकवलेली. फळी-फळी सुटी करायची, गाडीत घालायची, चालू पडायचं. ओमेटा गिटन्सच्या घराने असे तीन मुक्काम पाहिले होते. पहिला सुटला तो तिच्या आजीने मुकादमाला चारचौघांत शिव्या घातल्या म्हणून.

आता मळा एका हॉटेलने घेतला. मॅनेजर हार्कोर्ट हसतमुखाने दारात आला.

"बाई, तुमची झोपडी पाहुण्यांच्या समुद्राच्या आड येते. शनिवारपर्यंत हलवा. ट्रक आमचा."

"झोपडी कोणाला म्हणतोस रे? आणि समुद्र पाहुण्यांचा कधीपासून झाला?"

पण जमीन खरंच हॉटेलची झाली होती. लेक वर डोंगरावर बोलावत होती. ओमेटाला डोंगर नको होता. तिचा नवरा याच पाण्यात होडीसकट गेला होता, आणि रोज सकाळी त्या पाण्याला चार शब्द सुनावल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. ती चिडून रडली, मग तोंड धुऊन इथलीनकडे गेली.

इथलीन तिची बालमैत्रीण. हॉटेल आणि वाळू यांच्यामधला खडकाळ तुकडा तिच्या बापाचा, जाळी सुकवायचा. हॉटेलवाले तो मागायला आले तेव्हा तिने त्यांना झाडू दाखवला होता.

"इथलीन, घरापुरती जागा देतेस?"

"विचारतेस काय, भवाने! पण तिथला वारा मेला असा, की छप्पर उडेल."

"उडालं तर हॉटेलावरच पडेल ना?"

शनिवारी अख्खी वस्ती जमली. सेल्विन सुताराने कोपऱ्यांचे खिळे उपटले, भिंती एकेक करून आडव्या झाल्या. हार्कोर्ट इतका खूश, की त्याने सगळ्यांना सरबत पाजलं. ट्रक फाटकातून बाहेर पडला आणि डोंगराकडे न वळता समुद्राकडे वळला. हार्कोर्टचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळपर्यंत घर उभं राहिलं. दार समुद्राकडे, पाठ हॉटेलकडे. इथलीन मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू ढवळत बसली, म्हाताऱ्यांनी डॉमिनोच्या सोंगट्या आपटायला सुरुवात केली.

तेवढ्यात हार्कोर्ट धापा टाकत आला. "हे काय केलंत?"

"हलव म्हणालास, हलवलं."

"थट्टा नको, बाई! माझ्या पाहुण्यांना आता दिसणार काय?"

ओमेटा थट्टा करतच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा राग तिच्या घशाशी आला होता, आणि तिला तो गिळायचा नव्हता.

"आमच्या माणसांना जन्मभर उसाशिवाय काही दिसलं नाही, बाळा. तुझ्या पाहुण्यांना आठवडाभर माझ्या मोरीची भिंत दिसेल."