आतून कुलूप

आईने दार लोटलं आणि कुलपात किल्ली फिरवता फिरवता ती खोकली. खोकला खोटा होता. किल्लीचा आवाज झाकायला म्हणून जाऊबाईंनी तो सकाळीच सुचवून ठेवला होता. किल्ली मुठीत घेऊन आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

बाहेरच्या खोलीत तिची लेक बारकी सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, आता उठतेच अशा बेताने. घर सोडून तिला वर्ष होत आलं होतं. केस कानापर्यंत कापलेले, अंगात, ती ज्या पंथात राहायला गेली होती, त्या लोकांचा करडा सदरा. आईला बरं नाही, असा निरोप धाडून तिला बोलावून घेतलं होतं. आई ठणठणीत होती. सकाळी चष्म्याच्या दुकानातल्या कामावर जाऊन, काचांच्या कडा घासून, त्या फ्रेममध्ये बसवून आली होती. नखांत अजून काचेची भुकटी होती.

बारकी स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आई, तू का उभी आहेस? जा, पड जरा. चहा मी करते."

"आता बरं वाटतंय मला," आई भांड्यात बघत म्हणाली.

"ताप आहे का?" बारकीने तिच्या कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला. आईला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. कपाळ गार होतं. गारच असणार.

"चला, चला, सगळे वाट बघताहेत," जाऊबाई मध्येच आल्या. "आणि तुझा फोन दे गं इकडे, चार्जिंगला लावते."

फोन आतल्या खोलीत गेला. जाऊबाईंनी खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. खाली फाटकाजवळच्या बाकावर करड्या सदऱ्यातली एक बाई बसली होती.

"पहारेकरीण बसलीय बघा. एकटीला सोडत नाहीत हो पोरीला."

"सोबत आहे ती, काकू. परिवारात कुणी एकटं जात नाही."

"परिवार म्हणे! परिवार हा इथे बसलाय सगळा."

सगळा म्हणजे मोठे भाऊजी, जाऊबाई, आई, आणि खास बोलावलेले गुरुजी. आईचा नवरा गेल्यापासून घर भाऊजींच्या शब्दावर चालत होतं, आणि चांगलं चालत होतं, असं सगळेच म्हणत. भाऊजींना विरोध कुणी केला नव्हता, त्यामुळे विरोध केल्यावर काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते प्रार्थनागृहाचे विश्वस्तही होते. गुरुजी तिथेच प्रवचन करायचे. वयाने थकलेले, बुटांच्या नाड्या सैल बांधणारे गृहस्थ. त्यांच्या प्रवचनात निम्मी सभा डुलक्या घेई.

"गुरुजी, तुम्हीच सांगा हिला," भाऊजींनी हात चोळले. "धर्म म्हणजे काय, आणि हे जे काय चाललंय ते काय. फरक सांगा. सरळ, सोप्या शब्दांत."

गुरुजींनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून आत पडलं. चमच्याने ते शोधत ते म्हणाले, "सोप्या शब्दांत जरा अवघडच आहे. आम्हीही एका माणसाचं ऐकून निघालेले. लोक तेव्हा आम्हालाही नावं ठेवत होतेच."

"अहो गुरुजी!"

"सांगतो, सांगतो. मला विचाराल तर, आमच्याकडे माणसाला कंटाळायची मुभा असते. शेवटच्या बाकावर कोण झोपतं ते मला समोरून दिसतं. मी काही म्हणत नाही. मलाही बोलताना कधी कधी जांभई येते." ते बारकीकडे वळले. "तिकडे तुला कंटाळा येतो का गं, बाळ?"

बारकीने सदऱ्याची बाही सरळ केली.

"आला तर सांगायचा असतो," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर उभं राहून."

"आणि मग?"

"मग सगळे मदत करतात."

"कशी?"

तिचा हात कापलेल्या केसांवर गेला, मानेपर्यंत उतरला आणि तिथेच राहिला. काहीतरी तिच्या ओठांशी आलं होतं. आईला ते दिसलं. लहानपणी बरणी फुटल्यावर पोर अशीच उभी राही, आणि आपण काही बोललो नाही तर आपणहून सांगून टाकी. आईने श्वास धरून ठेवला.

"बघा! बघा!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "आलं की नाही बाहेर? मी काय सांगत होतो? आता कबूल कर म्हणावं!"

बारकीचा हात खाली आला. चेहऱ्यावर झाकण पडावं तसं झालं.

"मी निघते, काका."

"निघते कुठे? बस. मूळ मुद्द्यावरच अजून आलेलो नाही आपण."

त्यानंतर भाऊजी बोलले. मग जाऊबाई बोलल्या. मग भाऊजींनी जाऊबाईंचंच पुन्हा नीट करून सांगितलं. बारकीने एकदा बाथरूमला जायचं म्हटलं, तर जाऊबाई पाठोपाठ गेल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. आई कपबशा विसळत होती. विसळलेल्याच पुन्हा विसळत होती.

शेवटी गुरुजीच उठले. "मी येतो आता. माझी जेवणाआधीची गोळी घरी राहिलीय." ते दारापाशी गेले, मूठ फिरवली, पुन्हा फिरवली. "अडकलंय वाटतं."

"बसा हो गुरुजी, दहा मिनिटं. असं अर्धवट टाकून कसं चालेल?"

"अहो, पण गोळी..."

"गोळीचं बघू आपण. आधी हिचं उरकू."

गुरुजी मूठ धरूनच वळले. भाऊजींकडे, मग कुलपाकडे, मग बारकीकडे त्यांनी बघितलं. कान लाल झाले होते त्यांचे. "किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळ्यांचे डोळे आईकडे गेले, आणि शेवटी बारकीचेही.

आईने हात पुसले. कुलूप तिने काढलं तेव्हा भाऊजी काहीतरी म्हणाले. काय, ते तिने ऐकलं नाही. गुरुजी बाहेर पडले, त्यांच्यामागे आतून आपला फोन घेऊन आलेली बारकी, आणि का कोण जाणे, तिच्यामागे आई. घरातल्या सपाता तशाच पायात.

तिघंही जिना उतरून खाली आली. फाटकाशी गुरुजी थांबले. "मला कुलपाचं ठाऊक नव्हतं, बाळ," असं म्हणून मान खाली घालून ते निघून गेले.

"तू आजारी नव्हतीसच," बारकी म्हणाली.

आईने मान डोलावली.

बाकावरची बाई उठून जवळ आली. बारकीने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"आई, चल माझ्याबरोबर. कुठे राहते ते तरी बघ. अंधार पडायच्या आत परत येशील."

"न कळवता कुणाला आणायचं नसतं," ती बाई म्हणाली. "माहितीये ना तुला?"

"माहितीये. माझी आई आहे ती." बारकीचा आवाज कापला, पण शब्द सगळे आले. मग एकदम खालच्या आवाजात, त्या बाईला ऐकू जाणार नाही असं, ती म्हणाली, "ये ना गं. तू असलीस की मला बरं पडेल."

"थांब हं," आई म्हणाली, "वर भाऊजींना विचारून येते."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. बारकी हसली नाही, रागावलीही नाही.

"बरं," ती म्हणाली. "थांबते मी."

आई जिना चढली. मधल्या वळणावर छोटी खिडकी होती. तिथून फाटक दिसलं. ती बाई घड्याळाकडे बोट दाखवत काहीतरी बोलत होती. बारकी हाताची घडी घालून, वर जिन्याकडे बघत उभी होती. आई खिडकीतून बाजूला झाली.

दार उघडंच होतं. भाऊजी सोफ्यावर बसले होते. जाऊबाई कप गोळा करत होत्या.

"कुठे गेली होतीस?"

"गुरुजींना सोडायला," आई म्हणाली.

"आणि ती?"

आईने सपाता काढल्या. एक उलटी पडली होती, ती वाकून सरळ केली.

"गेली," ती म्हणाली.