ताऱ्याविना शब्द

…तारा नव्हता. पिवळट चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात 'ब्रोस्को', आणि शब्दाच्या डाव्या अंगाला कोरा कागद. टेगवेनने चिठ्ठी खिडकीकडे धरली — पुसला गेला असेल... नाही, खोडरबराचा मागमूस नव्हता. कुठेही लिहिलेला न सापडलेला, नुसत्या तर्काने उभा केलेला शब्द असला की त्याच्या आधी तारा (*) टाकायचा, ही शब्दकोशाच्या कचेरीतली पहिली शिकवण. ती तिनेच कितीजणांकडून घोकून घेतलेली, आणि अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या डोक्यातून काढलेला शब्द लिहिताना नेमकी तीच विसरली होती. पुढे चिठ्ठी वाचताना वाटत गेलं, कुठल्यातरी दगडावर कोरलेला सापडला असणार... आणि त्या एका शब्दावर तिने बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याच्या आदिकेल्टिक नावाचं — अडीच हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट लोकांच्या 'ब्रोक्कोस'चं — सगळं कूळ रचलं. आज चारला ते पान छापायला जायचं होतं.

कूळ गेलं. अकरा वर्षं गेली. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि आलं ते हसू.

"काय गं, रडतेस की हसतेस?" पलीकडच्या टेबलावरून इडवालने विचारलं. तीस वर्षांचा शेजार.

"मी स्वतःचीच थाप खरी मानून बसले रे!"

त्याने चिठ्ठी पाहिली, चहाचा कप खाली ठेवला. "मग गप बस आणि जाऊ दे तसंच. ते केल्ट काय उठून येणारेत जाब विचारायला?"

तिने अख्खा परिच्छेद उडवला आणि त्या जागी लिहिलं — मूळ अनिश्चित.

"अकरा वर्षांत दोन शब्द," इडवाल म्हणाला. "बाई, जरा दमानं घे."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ती सहा वर्षांची असताना ट्रेगारन गावच्या शेतावर, कुंपणापाशी, तिन्हीसांजेला आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कुजबुजत म्हटलेलं, "श्श... ब्रोख!" — त्यांच्या बोलीत बॅजर. त्यांना तो शब्द त्यांच्या आजोबांनी दिला असणार, त्यांना आणखी कुणी... अडीच हजार वर्षांची तोंडं एकामागे एक, आणि त्यांच्याही मागे काळोख — जो मी इतकी वर्षं माझ्याच सामानाने भरत बसले होते, वेडी कुठली! तो आता रिकामा झाला होता, मोठा झाला होता. पान पाठवायला अजून वीस मिनिटं होती, आणि ती खुर्चीत श्वास रोखून बसली, पुन्हा सहा वर्षांची — कुंपणाची पानं हलताहेत, काहीतरी अगदी जवळ आहे, आणि मी अजून ते पाहिलेलं नाही.