हरळी लावणारी खुरपी

मी एक जुनी खुरपी आहे. मूठ बाभळीची, पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. भडगावच्या लोटन लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि कौतिकभाऊंच्या हातात दिलं. मित्रांनो, फुशारकी मारते म्हणाल, पण गिरणाकाठच्या शिवारात माझ्याइतकी हरळी कुणी खणली नसेल. हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण! वरून कापा, खालून फुटते. तिची शेवटची मुळी निघेपर्यंत भाऊ उठत नसत आणि मीही थकत नसे.

१९८७ साली भाऊंना धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मैदान राखायची नोकरी लागली. वर्षभर काम पाहून मग कायम करायचं ठरलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊंनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत अख्खं मैदान निंदून लख्ख केलं. खेळाचे शिक्षक जीवराम सर आपल्या गावाहून, सावद्याहून परतले आणि मैदान पाहून तडक भाऊंकडे आले.

"कौतिकभाऊ, गवत कुठं गेलं?"

"कसानं गवत, सर? बठ्ठी, सगळी हरळी व्हती!" भाऊ ऐटीत म्हणाले. "एक मुळी नही ठेवी."

"अहो, तिच्यावरच तर पोरं खेळतात!"

सरांनी दुसरं मऊ, देखणं गवत आणून लावलं. पोरांच्या फुटबॉलपुढं ते काय टिकणार? पंधरवड्यात गोलपुढची जागा टक्कल पडल्यासारखी झाली. आमची माती काळी, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. गोलकीपर रोज गुडघे फोडून घेई. सर म्हणाले, "डिसेंबरात जिल्ह्याचे सामने आपल्याकडे आहेत. मैदान असंच राहिलं तर ते दुसरीकडे जातील. मग तुम्हाला कायम करा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. मलाही फार लागलं. चूक त्यांची असली तरी पातं माझंच होतं ना!

दुपारी त्यांची बायको ताईबाई भाकर घेऊन आली. कुंपणाबाहेर गाडीवाटेवर भाऊंनी उपटून फेकलेली हरळी पडली होती. तिथंच ती थबकली.

"आहो, हाई देखा! वरथून गाडा जातस, ढोरे जातस, तरी जित्ती शे. पोरेसना पायखाले मरी का?"

"मी हरळी लावू? गावना लोके हासतीन!"

"हासू द्या. मैदान काय कपाशीनं वावर शे?"

भाऊंनी माझ्याच टोकानं गोलपुढची माती वीतभर खणली. पाणी मुरावं म्हणून तिच्यात पांझरा नदीची वाळू मिसळली. मग हरळीच्या काड्या तोडून चार-चार बोटांवर खोचल्या. जन्मभर जिला खणलं, तिच्यासाठी मी खड्डे करत होते! लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पोळ्याच्या आत लावणी उरकली. महिनाभर भाऊंनी तिथं कुणाला पाय ठेवू दिला नाही. पुढं दर पंधरवड्याला ते गोलाचे खांब सरकवत, म्हणजे झिजलेल्या जागेला विसावा मिळे.

डिसेंबरात तीन दिवसांत अकरा सामने झाले. शेवटच्या सामन्यात गोलकीपरनं पाच-सहा वेळा अंग झोकून दिलं, पण गुडघा काही फुटला नाही. सगळे पांगल्यावर भाऊ गोलपुढं बसले आणि मूठभर हरळी धरून जोरानं ओढली. ती निघेना.

"हाई चिवटपणले मी तीस वरीस शिव्या दिन्यात," असं म्हणून त्यांनी चक्क हात जोडले. त्याच आठवड्यात भाऊ कायम झाले.

आता माझं पातं झिजून बोटभर उरलंय. खंडेनवमीला ताईबाई मला हळदकुंकू वाहते आणि पुढ्यात हरळीची जुडी ठेवते. हरळी उपटणारी आणि हरळी लावणारी खुरपी अख्ख्या खान्देशात मी एकटीच!

मित्रांनो, मैदानावर दणकून खेळा. पण ते झिजलं तर चार दिवस त्याला विसावा द्या, ओल्या मातीत तुडवू नका. आणि कुठलंही गवत उपटण्याआधी जरा विचारा, हे इथं कशाला उगवलंय. मी विचारलं नव्हतं.